गाल सतरा नव्हते

गालावर बोटांची मागची बाजू टेकवायची, डोळे अर्धवट मिटायचे आणि म्हणायचं, "आता बोलू नका." त्यांच्या हातच्या दाढीची सुरुवात अशी व्हायची. ब्रश नंतर, फेस नंतर, वस्तरा तर फारच नंतर. आधी गाल बघायचा, आणि तोही बोटांच्या पाठीने. "बोटांची टोकं कामाने राठ होतात, साहेब," ते सांगायचे. "पाठीला अजून कळतं."

शनिवार पेठेत ज्यांनी वीस-तीस वर्षांपूर्वी दाढी करून घेतली असेल, त्यांना ही बोटं आठवत असतील. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. मागे एकदा नाव न लिहिताही पेठेतलं शेंबडं पोरसुद्धा ओळखेल असं मी त्यांच्याविषयी लिहिलं होतं, आणि आजचं हे लिहिणं त्याबद्दलच आहे. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. पुण्यात नाना पुष्कळ झाले, तेव्हा तेवढं चालेल.

दुकान बोळाच्या तोंडाशी होतं. फिरत्या खुर्च्या दोन, पण हात दोनच, कारण नानांनी आयुष्यात दुसरा माणूस कामाला ठेवला नाही. त्यामुळे दुसऱ्या खुर्चीत वाट पाहणारा माणूस स्वतःभोवती सावकाश फिरत वर्तमानपत्र वाचत असायचा. घड्याळ नव्हतं. एका तरुणाने एकदा आत डोकावून विचारलं, "दहा मिनिटांत होईल का?" नाना म्हणाले, "घाई असेल तर वाढवा." तो बिचारा काय वाढवायचं या विचारात उभा राहिला, तेव्हा नानांनी स्वतःच्या हनुवटीखाली हात नेऊन लांब दाढी दाखवली आणि पुन्हा कामाला लागले.

लग्न ठरलेला एक मुलगा तोंडावर मुरुमं घेऊन आला आणि गुळगुळीत करून मागू लागला. नानांनी गालाला बोटं लावली आणि टॉवेल काढून घेतला. "पंधरा दिवस हात लावणार नाही. मुलगी तुमच्याशी लग्न करतेय, गालाशी नाही." तो चिडून गेला, पंधरा दिवसांनी परत आला आणि पुढे त्याच्या मुलाचं जावळही नानांनीच काढलं.

जावळाचं मुद्दाम सांगतो, कारण पुढे ते लागणार आहे. आमच्या भागात घरोघरच्या बाळांचं जावळ नाना काढायचे. आईच्या मांडीवर बाळ आकांत करत असायचं आणि नाना त्याच्या टाळूला बोटांची पाठ टेकवून त्यालाही म्हणायचे, "आता बोलू नका." काही बाळं खरोखर गप्प व्हायची. जावळाला बोलावणं आलं की ते दुकानावर कुलूप लावून, धुवट सदरा घालून जायचे. दाढीचं गिऱ्हाईक बाहेर ताटकळत राहिलं तरी त्यांना त्याची पर्वा नसायची.

आता माझ्या गालाविषयी. माझी कातडी हा आमच्या घरात चेष्टेचा विषय. ब्लेडने दाढी केली की दुपारपर्यंत गळा लालभडक आणि दुसऱ्या दिवशी पुटकुळ्या. मी सरकारी कचेरीत मुख्य कारकून होतो. साहेबापुढे मसुदा घेऊन जाताना गळा खाजवत जावं लागे. नानांकडे गेलो तेव्हा त्यांनी बोटं टेकवली आणि म्हणाले, "हेडक्लार्क, तुमचा गाल तुमच्यापेक्षा साधा आहे. आपण सांभाळू."

त्यांच्याकडे माझ्यासारखे नाजूक कातडीचे पाच जण होते. पाचांसाठी पाच वेगळे वस्तरे. काउंटरच्या वरच्या खणात ते ओळीने ठेवलेले असत आणि प्रत्येकाच्या मुठीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधलेला. माझा निळा. एकाचा वस्तरा दुसऱ्याच्या गालाला कधीही लागला नाही. बाकीच्या गिऱ्हाइकांसाठी जे वस्तरे होते तेही प्रत्येक दाढीनंतर स्टोव्हवरच्या उकळत्या पाण्यातून निघायचे. हे मी बारा वर्षं माझ्या डोळ्यांनी पाहत होतो. हे वाक्य लक्षात ठेवावं, अशी वाचकांना विनंती आहे.

नाजूक गालाला थोडा बोथट वस्तरा बरा, असा माझा समज होता. एकदा तसं बोललो, तर ते म्हणाले, "बोथट वस्तरा केसाला ओढतो, केस कातडीला ओढतो आणि उद्या येऊन तुम्ही मला ओढाल. नाजूक गालाला सगळ्यात धारदार वस्तरा लागतो. तो केसाला विचारत बसत नाही."

पण नुसती धारही चालत नसे. सोमवारी दुकान बंद असायचं आणि त्या दिवशी नाना दगडावर बसायचे. एका सुट्टीच्या सोमवारी मीही तिथे होतो. दगड पाण्याने ओला करून त्यांनी वस्तरा त्यावर आडवा निजवला, पाठ आणि धार दोन्ही टेकलेल्या, आणि तो असा फिरवला की हाताला काही कामच नाही असं वाटावं. "वस्तऱ्याला त्याचं स्वतःचं वजन पुरतं. आपलं घातलं की धार रुसते," ते म्हणाले. मग वस्तरा उजेडात धरला, अंगठ्याच्या नखावरून नेला आणि शेवटी स्वतःच्या डाव्या हातावर चालवून पाहिला. नानांच्या डाव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत केस कधी नसायचेच. उजव्या हातावर अस्वलासारखे.

मला वाटलं, झालं. तर म्हणाले, "ही धार कच्ची आहे. कैरीसारखी. तुमच्या गळ्याला लावली तर झोंबेल. आता ती पिकवायची."

ती पिकायची चामड्याच्या पट्ट्यावर. पट्ट्याचं एक टोक भिंतीतल्या खुंटीला, दुसरं डाव्या मुठीत ताणलेलं. नाना वस्तरा त्यावरून वर नेत, पलटत, खाली आणत, आणि प्रत्येक फेरीला वार मोजत. सोमवार, मंगळवार, बुधवार. रविवार झाला की एक आठवडा. पुण्यात सातही वारांच्या पेठा, तर मोजणीला दुसरे आकडे कशाला, असं त्यांचं म्हणणं. राठ गालाला दोन आठवडे पुरत. "तुमच्या गालाला दोन महिने लागतात," असं ते मला सांगायचे, आणि दुसऱ्या खुर्चीतला नवखा माणूस घाबरून निघून जायचा.

फेस लावण्याआधी गरम टॉवेल. मग केसांच्या दिशेने एकदाच हात. उलटा हात, म्हणजे खालून वर, केसांच्या विरुद्ध, तो मला वर्ज्य. "थोडी खुंटं राहिली तर राहू देत. सरकार त्यावाचून अडत नाही."

अशी बारा वर्षं माझा गळा सुखात होता.

मग माझ्या मुलीचा साखरपुडा ठरला आणि नेमकं त्याच वेळी नानांच्या थोरल्या भावाला अर्धांगवायूचा झटका आला. त्यांना वीस-पंचवीस दिवस गावी जावं लागणार होतं. जाण्याआधी त्यांनी मला बोलावून घेतलं. दुसऱ्या कोणाच्या हाती तुम्हाला देणार नाही, म्हणाले. निळ्या दोऱ्याचा वस्तरा घरी घेऊन जा, माझा पट्टाही न्या, मी शिकवतो.

चार संध्याकाळी त्यांनी मला शिकवलं. सगळं शिक्षण एका वाक्यात होतं. "पाठ पुढे, धार मागे." म्हणजे पट्ट्यावरून वस्तरा नेताना त्याची जाड बाजू आधी जायची, धार तिच्या मागून नुसती यायची. टोकाला पोचलं की पलटायचा, पण धारेवरून नाही, पाठीवरून. "मांजर कूस बदलतं ना, तसा. धार पुढे गेली तर ती पट्टाही कापेल आणि स्वतःही मरेल. डोळ्याला काही दिसणार नाही. गालाला दिसेल." आणखी दोन गोष्टी त्यांनी बजावल्या. दाढी समारंभाच्या आदल्या दिवशी करायची, म्हणजे गालाला एक दिवस विसावा मिळतो. आणि उलटा हात नाही.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी पट्टा खिडकीच्या गजाला अडकवला. बारा वर्षं बघत होतो, त्यात अवघड काय, असा माझा आविर्भाव होता. मी नानांचा वेग उचलला. हात काही उचलता आला नाही. सोमवार, मंगळवार झकास गेले. बुधवारी पलटताना वस्तरा धारेवर वळला आणि तसाच पुढे गेला. चामड्यातून नखाएवढी चंद्रकोर निघून खाली पडली. मी ती उचलून खिडकीबाहेर टाकली. वस्तरा उजेडात धरून पाहिला. डोळ्याला काही दिसलं नाही. आठवडा पुरा केला, दोन महिन्यांना फाटा दिला आणि दाढी केली. मुलीचे सासरचे येणार म्हणून गळ्यावर दोनदा उलटा हातही फिरवला.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर मी जो बसलो तो भाजलेल्या वांग्यासारखा. गळ्यावर पुटकुळ्या, हनुवटीखाली दोन ठिकाणी पू. व्याह्यांनी काळजीने विचारलं, "हे काय हो? दाढी कुठे केलीत?"

मी म्हणालो, "नेहमीच्याच ठिकाणी."

बस्स, एवढंच. नानांच्या दुकानाला आठ दिवस कुलूप होतं हे पेठेत सगळ्यांना ठाऊक होतं, पण व्याही कोथरूडचे. मुलीच्या सासरच्यांसमोर मला सांगवेना की मी, मुख्य कारकून, स्वतःचा वस्तरा पट्ट्यावरून नीट नेऊ शकलो नाही. सौभाग्यवती पोह्यांचा ट्रे घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि ट्रे पुढे केला.

त्या वर्षांत वस्तऱ्यातून रोग पसरतात ही भीती नव्यानेच घरोघर पोचली होती. व्याही म्हणाले, "अहो, हे लोक एकच वस्तरा सगळ्यांना फिरवतात. तुम्ही तर पेपरात पत्रं लिहिता. लिहा की यावर."

मी पत्रं लिहायचो हे खरं. फुटपाथ, भटकी कुत्री, सभागृहातल्या मोडक्या खुर्च्या, असं काय काय. महिन्यातून एखादं छापून यायचं आणि कचेरीत लोक "वाचलं बरं का" म्हणायचे. त्या तीन शब्दांची मला सवय लागली होती. रविवारी मी लिहायला बसलो तेव्हा सर्वसाधारण लिहायचं, कोणाला दुखवायचं नाही, असं मनात होतं. पण लिहिता लिहिता एक ओळ सुचली. "एक वस्तरा, गाल सतरा."

ती ओळ मला फार आवडली. ती सुचल्यावर पत्र सर्वसाधारण ठेवणं मला जमेना. तिला दुकान हवं होतं, बोळ हवा होता. मी लिहिलं, शनिवार पेठेतल्या एका बोळाच्या तोंडाशी असलेल्या, दोन फिरत्या खुर्च्यांच्या जुन्या केशकर्तनालयात हा प्रकार चालतो आणि लेखकाने तो स्वतःच्या गालावर अनुभवला आहे. सतरा हा आकडा यमकासाठी घेतला. खरा आकडा एक होता. माझा वस्तरा, माझा गाल.

सौभाग्यवतीने पत्र टपालात पडण्यापूर्वी वाचलं. "अहो, नाना तर गावाला आहेत ना?" तिने विचारलं.

"पत्रात कुठे नाव आहे?" मी म्हणालो. कारकुनी उत्तर. अशी उत्तरं देऊन मी बढत्या मिळवल्या होत्या.

पत्र छापून आलं, आणि मथळाच तो. एक वस्तरा, गाल सतरा. आठवडाभर ज्याच्या त्याच्या तोंडी तीच ओळ. भाजीवाल्याने ऐकवली, कचेरीत साहेबाने ऐकवली. "वाचलं बरं का." मी मान तुकवत होतो.

नाना गावाहून परतल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या घरी आले, वस्तरा आणि पट्टा न्यायला. सौभाग्यवतीने चहा ठेवला. मी दोन्ही वस्तू फडक्यात गुंडाळून दिल्या आणि भावाची चौकशी करू लागलो. ते उत्तर देता देता फडकं सोडत होते. पट्टा उलगडला. अंगठा त्यावरून वरपासून खाली नेला आणि चंद्रकोरीवर थांबला. वस्तरा उघडून खिडकीकडे धरला. नखावरून नेला. मग उठून माझ्याजवळ आले आणि माझ्या गालाला बोटांची पाठ टेकवली, दुकानात टेकवत तशीच.

"उलटा हात मारलात," ते म्हणाले.

मी सदऱ्याची कॉलर वर ओढली.

"चार दिवस साबण नको, तुरटीही नको. खोबरेल लावा." त्यांनी चहा पिऊन कप खाली ठेवला. वहाणा घालताना म्हणाले, "पत्र वाचलं. छान लिहिलंय."

आपल्या पुण्यात छान या शब्दाचे किती अर्थ होतात हे वाचकांना मी सांगायला नको. ते कोणत्या अर्थाने म्हणाले, हे मला आजतागायत कळलेलं नाही. त्यांच्या आवाजात टोचणी नव्हती. असती तर मला बरं वाटलं असतं.

पाचांपैकी चौघांनी यायचं सोडलं. त्यांचे स्वतःचे दोरे बांधलेले वस्तरे खणात होते, तरीही. भीतीला दोरा दिसत नाही. नानांनी ब्लेडचं अर्धं पातं बसवायच्या मुठी आणल्या आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं पातं समोर फोडून दाखवू लागले. ज्याचा हात पेठ डोळे मिटून गळ्याला लागू देत होती, त्याला आता पाकीट फाडून पुरावा द्यावा लागत होता. आणि जावळाची बोलावणी थांबली. ती अशी थांबली की कोणी नाही म्हणालं नाही. बोलावणंच आलं नाही. धुवट सदरा दुकानातल्या खिळ्याला बरेच महिने टांगलेला मी पाहिला. पुढे तो खिळ्यावर दिसेनासा झाला.

मी पाहिला म्हणतो, कारण मी जातच होतो. दोन महिने इकडेतिकडे दाढ्या करून गळ्याची चाळण झाली तेव्हा मी पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसलो. नानांनी बोटं टेकवली, वरचा खण उघडला आणि निळ्या दोऱ्याचा वस्तरा काढला. पुन्हा दगडावर घासून, पिकवून, तयार ठेवलेला. मग पट्टा ताणला आणि मोजायला सुरुवात केली.

पट्टा तोच होता. चंद्रकोरीच्या कडा त्यांनी घासून सपाट केल्या होत्या, पण खळगा राहिला होता. वस्तरा सरकत जायचा आणि त्या जागी बारीक आवाज व्हायचा, टक्. सोमवार, टक्. मंगळवार, टक्. दोन महिन्यांचे सगळे वार मी डोळे मिटून ऐकले. नवा पट्टा त्यांनी का घेतला नाही, हे मी विचारलं नाही. बहुधा त्यात काही हेतू नसावा. चामडं चांगलं होतं.

सांगायचं मी अनेकदा ठरवलं. टॉवेल निघायचा, मी "नाना," म्हणायचो आणि बोटं गालावर यायची. "आता बोलू नका." दाढी झाल्यावर कोणीतरी दुसऱ्या खुर्चीत फिरत असायचं. एकदा अशाच एका माणसाने मला ओळखलं. "तुम्हीच ना ते सतरा गालवाले? मग इथे कसे?"

माझ्या तोंडाला फेस होता, तरी मी बोललो. म्हणालो, "माझ्या पत्राचा परिणाम झाला. आता इथे सुधारणा झाली आहे."

नाना मागे उभे होते. आरशात मला त्यांचा फक्त हात दिसत होता. ब्रश थांबला नाही. पत्रापेक्षाही या वाक्याची मला जास्त लाज वाटते. पत्र लिहिताना ते समोर नव्हते.

मग माझ्या मुलीला मुलगी झाली. जावळाची वेळ आली तेव्हा सौभाग्यवती म्हणाली, "नानांना बोलवू या. तेवढं तरी करू." एकदा मी त्यांना बोलावलं असतं तर पेठेने दहादा बोलावलं असतं, हे तिला कळत होतं आणि मलाही. पण व्याह्यांनी भुवया उंचावल्या. भुवया खाली आणायच्या तर खरं सांगावं लागलं असतं. जावळ कोथरूडमधल्या एका दुसऱ्याच माणसाने काढलं.

त्या आठवड्यात नानांनी विचारलं, "नातीचं जावळ झालं?"

"झालं."

"कोणी काढलं?"

आरशात आमची नजर भेटली. त्यांनी हातातला गरम टॉवेल माझ्या तोंडावर ठेवला, वरून बोटं टेकवली आणि हळूच म्हणाले, "आता बोलू नका."

उत्तर देण्यापासून एखाद्याने दुसऱ्याची अशी सुटका केलेली मी अन्यत्र पाहिलेली नाही.

अशी आणखी अकरा वर्षं गेली. आम्ही मुलीजवळ कोथरूडला राहायला जायचं ठरवलं आणि नानाही दुकान आवरत होते, डोळ्यांना धार दिसेनाशी झाली होती. शेवटच्या दाढीला दुकानात आम्ही दोघेच. त्यांनी तुरटी फिरवली, टॉवेल काढला, तेव्हा मी खुर्चीतून न उठता आरशातल्या त्यांना म्हणालो, "नाना, तो पट्टा मी कापला. दाढी घरी केली होती. पत्र खोटं होतं."

ते वस्तरा पुसत होते. पुसून झाल्यावर म्हणाले, "पट्टा कापलात ते त्याच दिवशी कळलं. माझ्या अंगठ्याला काय झालंय?"

"मला माफ करा."

"हेडक्लार्क, मला सांगून काय उपयोग? मला ठाऊकच होतं. ज्यांना ठाऊक नाही, त्यांना सांगा." वस्तरा मिटून त्यांनी खणात ठेवला. "आता बोला," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत त्यांनी मला बोला म्हटलेलं ते पहिलंच. मी येतो म्हटलं आणि निघालो.

खुलासा मी लिहिला नाही असं नाही. निदान वीस मसुदे केले असतील. मसुदा हा माझा धंदाच. प्रत्येक मसुद्यात मी शेवटी बरा माणूस ठरत होतो. कुठे गैरसमज झाला होता, कुठे त्या काळचं वातावरण जबाबदार होतं, कुठे मुलीच्या संसाराची काळजी होती. वाचून पाहायचो आणि फाडायचो. यात मी नानांना किती वेळा भेटायला गेलो? एकदाही नाही.

नाना गेल्याचं मला पंधरा दिवसांनी कळलं. त्यानंतर महिन्याभराने त्यांची मुलगी पत्ता शोधत कोथरूडला आमच्याकडे आली. हिंजवडीला नोकरी करते, सुट्टीच्या दिवशी आली होती. तिने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली वस्तू काढली. निळ्या दोऱ्याचा वस्तरा, आणि पट्टा.

"बाबांनी सांगितलं होतं, ज्याचा वस्तरा त्याला द्या. बाकीचे चार पोचवले. तुमचा राहिला होता."

सौभाग्यवतीने तिला पाणी दिलं. ती घर बघत होती, पुस्तकं बघत होती. मग सहज विचारावं तसं म्हणाली, "काका, तुम्ही तर तेव्हा पेठेत होता. ते सतरा गालांचं पत्र कोणी लिहिलं होतं हो? शाळेत मुली मला ती ओळ म्हणून दाखवायच्या. बाबांना कितीदा विचारलं. ते म्हणायचे, असेल कोणीतरी, गालाचा साधा माणूस आहे."

पत्राखाली माझं नाव छापलेलं होतं. घरातल्या मुलीपासून त्यांनी ते आयुष्यभर दूर ठेवलं होतं.

"मी लिहिलं," मी म्हणालो. "त्यातलं एकही अक्षर खरं नव्हतं."

तिने ग्लास खाली ठेवला. उठून दारापर्यंत गेली आणि चपला घालताना, थेट बापासारखी, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मग आता खरं लिहा. काका, यमक नको."

तेव्हा लिहितो. त्या दुकानात एक वस्तरा सतरा गालांवरून कधीही फिरला नाही. माझ्या गालाला जे झालं ते माझ्या घरी, माझ्या हाताने, माझ्या घमेंडीने झालं. त्या दिवशी नाना गावाला भावाच्या उशाशी बसले होते. त्या पत्रामुळे ज्यांनी आपल्या बाळाच्या टाळूला त्यांचा हात लागू दिला नाही, त्या घरांना मी फसवलं. हे वाचणारं कोणी त्या पेठेतलं असेल तर त्याने घरी सांगावं. ज्यांना सांगायचं ती माणसं आता थकली असतील, काही नसतीलही. उशीर झाला आहे हे मला माहीत आहे. उशिराबद्दल माझ्याकडे खुलासा नाही.

एका दिवसाआड सकाळी मी पट्टा खिडकीच्या गजाला अडकवतो. पाठ पुढे, धार मागे. हळू नेतो, मांजर कूस बदलतं तसा पलटतो. चंद्रकोरीपाशी टक् होतं. सौभाग्यवती म्हणते, या वयात गळ्यापाशी वस्तरा कशाला नेता. पण माझा गळा हल्ली पुष्कळ बरा आहे आणि डाव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत केस उरलेले नाहीत. दोन महिने मोजून झाले की मी आरशासमोर उभा राहतो आणि गालाला बोटांची पाठ टेकवतो. मग थोडा वेळ थांबतो. गप्प बसा म्हणणारं मागे कोणी नसतं.